पाच गुण वाढले, पण भागले कशाने?

मुंबईच्या महापालिका शाळांमधला ‘प्रथम’ या संस्थेचा बालसखी प्रयोग शिक्षणात रस असणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिच्याकडे तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, आणि शाळेच्या वेळातच रोज दोन तास वाचन व अंकगणित. महिन्याचं मानधन तेव्हा पाचशे ते साडेसातशे रुपये होतं. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याची रीतसर चाचणी घेतली. बालसखी कुठे द्यायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं आणि बाकीच्यांशी तुलना केली. २००७ साली निष्कर्ष छापून आले : पहिल्या वर्षी ०.१४, तर दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ.

हा ०.२८ आला कुठून? दोन गटांच्या सरासरीतला फरक घ्यायचा आणि त्याला प्रमाण विचलनाने, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाने भागायचं. मग पन्नास गुणांची चाचणी आणि शंभराची चाचणी एका पट्टीवर येतात. गुणांची विभागणी नेहमीच्या घंटाकृती वक्रासारखी धरली, तर बरोबर मधोमध असलेलं मूल शंभरात खालून पन्नासाव्या स्थानावरून एकसष्टाव्या स्थानावर चढतं. इतक्या कमी खर्चात एवढं साधणं ही फार मोठी गोष्ट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही या वाढीवर ‘लहान परिणाम’ असा शिक्का बसू शकतो, कारण अनेकांच्या डोक्यात जेकब कोहेन यांचे आकडे पक्के बसले आहेत : ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. कोहेन यांनी १९६९च्या पुस्तकात हे टप्पे दिले, ते दुसरा काहीच आधार हाताशी नसेल तेव्हा वापरण्यासाठी, आणि तशी ताकीदही दिली. ताकीद मागे पडली आणि टप्पे मात्र पाठ झाले. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२०मध्ये शिक्षणातल्या ७४७ यादृच्छिक प्रयोगांचे परिणाम मांडून पाहिले आणि शिक्षणासाठी वेगळे टप्पे सुचवले : ०.०५च्या खाली लहान, ०.२० आणि त्यापुढे मोठा. या मापाने बालसखी थेट वरच्या गटात बसते.

मला जास्त काळजी वाटते ती भाजकाची. समजा एका उपक्रमाने शंभरपैकी पाच गुण वाढले. सगळ्या मुलांचा मिळून गुणांचा पसारा वीसचा असेल, तर परिणाम ०.२५. अभ्यासात फक्त मागे पडलेली मुलं घेतली, तर त्यांचे गुण एकमेकांच्या जवळपास असतात. पसारा दहावर येतो आणि त्याच पाच गुणांचे ०.५० होतात. शिकवण्यात काडीचा फरक नाही, परिणाम मात्र दुप्पट.

आपल्याकडच्या एम.एड.च्या प्रबंधांत आणि कृतिसंशोधनात एकच गट घेऊन पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी करण्याची पद्धत रुळलेली आहे. तिथे धोका आणखी वाढतो. पुष्कळदा दोन चाचण्यांमधल्या फरकाचंच प्रमाण विचलन भाजक म्हणून घेतलं जातं. दोन्ही चाचण्यांमध्ये ०.९ इतका सहसंबंध असेल, तर मूळचा ०.३० असा भागल्यावर ०.६७ दिसतो. मुलं त्या महिन्यांत एरवीही काही शिकलीच असती, हा प्रश्न तर कुठल्याही भाजकाने सुटत नाही. त्याला तुलनेचा गटच लागतो.

लहान नमुन्यात परिणामाचा आकडा स्वभावतःच थोडा फुगतो. लॅरी हेजेस यांनी १९८१मध्ये त्यासाठी दुरुस्ती दिली. गटात दहा-दहा मुलं असतील तर ती जेमतेम चार टक्क्यांची. ती करावीच, पण खरी अडचण अनिश्चिततेची आहे. वीस-वीस मुलांच्या दोन गटांत ०.५ आला, तर त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण उणे ०.१३ ते १.१३ अशी पसरते. म्हणजे उपक्रम निरुपयोगीही असू शकतो आणि चमत्कारही. असा एकटा ०.५ ठळक अक्षरांत छापणं मला गैर वाटतं.

बालसखीच्या अभ्यासात तुलनेच्या गटाच्या पूर्वचाचणीतला पसारा पाया धरला होता, आणि तसं निबंधात नोंदवलंही होतं. उपक्रम संपल्यावर वर्षभराने वाढ सुमारे ०.१वर उतरली, हेही संशोधकांनी लपवलं नाही. पैसे देणाऱ्या संस्थांनी आणि प्रबंध तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी एवढा आग्रह धरायला काय हरकत आहे? प्रत्येक गटातली मुलांची संख्या, सरासरी आणि प्रमाण विचलन, असे सहा आकडे मूळ गुणांतच परिशिष्टात द्यायचे. मग कुणालाही आपल्याला हवा तो भाजक घेऊन गणित पडताळता येईल. गट एकच असेल, तर दोन्ही चाचण्यांची सरासरी, त्यांची प्रमाण विचलनं आणि त्यांच्यातला सहसंबंध द्यायचा. सगळं मिळून अर्ध्या पानाचं काम आहे.