कातळवाटा उघडणारे अरुण सावंत

१८ जानेवारी २०२० हा शनिवार. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दोराच्या साहाय्याने उतरण्यासाठी सुमारे तीस जणांचा चमू गेला होता आणि त्याचे नेतृत्व साठीच्या घरातील अरुण सावंत करीत होते. त्या उतरणीत ते दरीत कोसळले. दुसऱ्या दिवशी गिर्यारोहकांच्या शोधपथकांना त्यांचा देह कड्याखाली सापडला. वृत्तपत्रांतून ही बातमी प्रसिद्ध झाली तेव्हा डोंगर न चढणाऱ्या वाचकाला ती एका अपघाताची बातमी वाटली असेल. परंतु सह्याद्रीत भटकणाऱ्या तीन पिढ्यांना घरातील वडीलधारे माणूस गेल्याचा चटका बसला. ज्या कड्याशी त्यांची ओळख कित्येक वर्षांची होती, त्याच कड्याने त्यांना नेले, हे स्वीकारणे कोणालाही सोपे गेले नाही.

बीड जिल्ह्यातील चकलांबा आणि सह्याद्रीचा तो कडा यांत अंतर मोठे आहे. गेवराई तालुक्याच्या सपाट काळ्या रानात कड्याची कल्पनाही चटकन येत नाही. तरीही दोहोंचे मूळ एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर थरावर थर लाव्हा पसरला आणि त्याचा बेसॉल्ट झाला. तो खडक पश्चिमेला ताशीव कडे होऊन उभा राहिला. पूर्वेला ऊन, पाऊस आणि काळ यांनी झिजून त्याची काळी कसदार माती झाली. चकलांब्याचा शेतकरी ज्या मातीत कापूस लावतो, तिचे घट्ट रूप म्हणजे कोकणकडा. एवढेच नव्हे, हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणारी मुळा नदी प्रवरेला मिळते, प्रवरा गोदावरीला, आणि ते पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयात येते. तेथून निघणारा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर हा कडा तितकासा परका राहत नाही.

कोकणकडा हा हरिश्चंद्रगडाचा पश्चिमेकडील तुटलेला काठ. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, पाण्याने वेढलेले शिवलिंग असलेले केदारेश्वराचे लेणे आहे, तारामतीचे उंच शिखर आहे. परंतु पाहणाऱ्याचे पाय थबकतात ते या काठावर. कडा सरळ भिंतीसारखा नाही. नागाने फणा काढावा तसा तो आतल्या बाजूला वळलेला, अर्धवर्तुळाकार आहे. काठावर पालथे पडून डोके बाहेर काढले तरच तळ दिसतो, आणि हजार फुटांहून अधिक खोलीची ती पोकळी पाहताना भलेभले मागे सरकतात. पावसाळ्यात खालून येणारा वारा काठावरचे पाणी परत वर उडवतो. ढग आणि ऊन यांचा योग जुळला तर येथे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसते. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिल्याचे गडाच्या प्रत्येक वर्णनात आढळते.

प्रस्तरारोहकाच्या दृष्टीने मात्र हे सौंदर्य दुय्यम ठरते. आत वळलेल्या कड्यावरून उतरताना काही फुटांनंतर पाय खडकाला टेकत नाहीत. माणूस दोरावर अधांतरी लोंबकळतो, वाऱ्याने गरगर फिरतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट थराथरांचा असल्याने त्याचे कपारे सुटे असतात. हात धरला तो दगडच हातात येण्याची भीती नेहमी असते. अशा कड्यावर दोर कोठे बांधावा, तो कोणत्या धारेवर घासेल, मधल्या टप्प्यावर उभे राहण्यास जागा आहे की नाही, हे पुस्तक वाचून समजत नाही. अरुण सावंत यांनी ही विद्या आयुष्यभर सह्याद्रीच्या कातळाकडूनच घेतली.

नव्या वाटा शोधणे हा त्यांचा ध्यास होता. दोन टोकांना दोर ताणून दरी ओलांडण्याचा, म्हणजे व्हॅली क्रॉसिंगचा, खंडाळ्याजवळच्या नागफणीवरचा थरार त्यांच्या नावाशी जोडला जातो. परंतु सामान्य माणसाला त्यांचे नाव माहीत आहे ते सांदण दरीमुळे. अकोले तालुक्यातील साम्रद या गावापासून जवळच जमिनीला जणू एक भेग पडली आहे. वरून पाहिले तर फटीसारखी दिसणारी ही घळ आत उतरल्यावर दोन्ही बाजूंना शेकडो फूट उंच भिंतींची होते. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की दुपारीही ऊन तळाला पोहोचत नाही. वाटेत गार पाण्याचे डोह आहेत, घराएवढे दगड आहेत. पुढे दोराशिवाय न उतरता येणारे टप्पे आहेत आणि शेवटी ही वाट कोकणच्या अंगाला, ठाणे जिल्ह्यात उतरते. ही दरी गिर्यारोहकांच्या नकाशावर आणण्याचे श्रेय सावंत यांना दिले जाते.

अर्थात ‘शोध’ हा शब्द येथे थोडा जपून वापरावा लागतो. साम्रदच्या गुराख्यांना ती घळ पिढ्यान्पिढ्या ठाऊकच होती. हरवलेले वासरू शोधत ते तिच्या तोंडाशी कितीदा गेले असतील. सावंत यांनी केले ते वेगळे. घळीच्या तोंडाशी थांबणारी वाट त्यांनी दोराच्या मदतीने शेवटपर्यंत नेली आणि ती इतरांना दाखवली. वाट दाखवण्यात मोठेपणा आहे, आणि जबाबदारीही. आज हिवाळ्यातील सुट्टीच्या दिवशी सांदणमध्ये दोराच्या टप्प्यावर रांग लागते. साम्रदच्या तरुणांना त्यातून वाटाड्याचे काम मिळाले, घरोघरी पिठले-भाकरीची सोय करून चार पैसे येऊ लागले. त्याच वेळी डोहात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगू लागल्या, आणि पायात साधी चप्पल घालून दरीत उतरणारेही दिसू लागले. वाट उघडणाऱ्या माणसाला याचा दोष देणे अन्यायाचे ठरेल. वाट वापरणाऱ्यांनी मात्र तो आपल्याकडे घ्यावा.

सावंत यांच्या मृत्यूनंतर एक प्रश्न अनेक घरांत विचारला गेला. एवढा जाणता माणूस कड्यावरून पडतो, तर नवशिक्यांनी तेथे जावेच कशाला? मराठवाड्यातील कितीतरी मुले शिक्षणासाठी पुण्याला किंवा संभाजीनगरला राहतात आणि शनिवारी-रविवारी मित्रांबरोबर गडावर जातात. गावी आईवडिलांना ते सोमवारी कळते, कधी कळतही नाही. त्यामुळे हा प्रश्न पोकळ नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर दोराने उतरणे म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

कातळ चढताना माणसाचा भार त्याच्या हातापायांवर असतो. दोर हा राखीव आधार; हात सुटला तरच त्याचे काम सुरू होते. उतरताना हे उलटे होते. माणसाचा सारा भार पहिल्या क्षणापासून दोरावर आणि तो जेथे बांधला आहे त्या आधारावर येतो. आधार निसटला, धारेवर दोर घासून कापला गेला, दोर लांबीला कमी पडला आणि त्याच्या टोकाला गाठ नसली, तर दुसरी संधी मिळत नाही. शिवाय उतरण सोपी वाटते. बसल्यासारखे मागे झुकायचे आणि दोर हळूहळू सोडायचा; त्यात दमछाक नाही, म्हणून मन सैल पडते. चमूच्या नेत्याचे काम तर आणखी अवघड असते. सर्वांना उतरवताना वरून दुसऱ्या दोराने सांभाळणारा कोणीतरी असतो. सर्वांत शेवटी उतरणाऱ्याला मात्र वरून सांभाळणारा कोणी उरत नाही. बहुतेक वेळा हा शेवटचा माणूस चमूतील सर्वांत अनुभवी असतो, कारण ती जागा दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

जगभर हेच घडत आले आहे. स्कॉटलंडचे डॉक्टर टॉम पॅटी हे आपल्या काळातील नामवंत आरोहक. १९७० मध्ये समुद्रात उभ्या असलेल्या एका सुळक्यावरून दोराने उतरताना ते पडून मरण पावले. अमेरिकेचा ब्रॅड गोब्राइट अत्यंत कठीण भिंती दोराशिवाय चढत असे. नोव्हेंबर २०१९ मध्ये, सावंत यांच्या अपघाताच्या दोनच महिने आधी, मेक्सिकोत उतरताना त्याचा अंत झाला. त्या दोराच्या टोकाला गाठ नव्हती. चढण्यात ज्यांनी कीर्ती मिळवली, ते उतरताना गेले. कौशल्याने धोका कमी होतो, पण शून्य होत नाही, आणि वर्षानुवर्षे तोच कडा पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला कड्यावरचे तास इतरांपेक्षा किती तरी अधिक येतात, हेही विसरता येत नाही.

म्हणून सावंत यांच्या मृत्यूवरून ‘डोंगराकडे फिरकू नये’ असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. मांगीतुंगीचे सुळके पाहिलेल्या यात्रेकरूंना उंचीचे भय आणि उंचीची ओढ या दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत. फरक इतकाच की तेथे आधीच्या पिढ्यांनी पायऱ्या खोदून ठेवल्या आहेत. जेथे पायऱ्या नाहीत तेथे प्रशिक्षण हीच पायरी. महाराष्ट्रात सांदणसारख्या ठिकाणी समाजमाध्यमांवर जाहिरात करून पन्नास-साठ अनोळखी माणसे एका बसमध्ये भरणारे आयोजक वाढले, ही खरी चिंतेची बाब आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे निकष आले. तथापि कड्याच्या काठावर शासनाचा अधिकारी उभा नसतो. तेथे आयोजकाला ‘आधार किती ठिकाणी बांधला आहे, शेवटी कोण उतरणार आहे, जखमी झाल्यास खाली कसे नेणार’ असे तीन प्रश्न विचारण्याचे काम ज्याचा त्यानेच करायचे असते. उत्तर देताना जो चिडेल, त्याच्याबरोबर जाऊ नये.

अपघात झालाच तर धावून जाणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, ही समाधानाची गोष्ट. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांतील स्वयंसेवक आपला कामधंदा सोडून रात्री-अपरात्री दरीत उतरतात. ज्या गावांजवळ कडे आहेत, तेथील तरुण तर प्रत्येक शोधकार्यात पुढे असतात. वाटा त्यांच्याच पायाखालच्या असतात. त्यांची नावे बातमीत येत नाहीत.

ज्या मुलाला किंवा मुलीला खरोखरच कातळाची ओढ आहे, त्याला अडवण्यापेक्षा योग्य ठिकाणी पाठवावे. दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हे शिक्षण देत आहे. प्राथमिक अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. पुण्या-मुंबईतील जुन्या गिर्यारोहण संस्थाही प्रस्तरारोहणाची शिबिरे घेतात. तेथे आरंभ कड्यावर होत नाही. जमिनीवर बसून, हातात दोराचा तुकडा घेऊन, आठाच्या आकड्याची गाठ पुन्हा पुन्हा बांधायला लावतात. बांधून झाली की शेजारच्याने ती तपासायची. मग दोराच्या मोकळ्या टोकाला आणखी एक गाठ मारायची.