कोल्हापूरची रेल्वे : उपकार कुणाचे?

१/ ‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’ हे वाक्य निदान कोल्हापुरात तरी कुणी उच्चारू नये.

२/ १८९१ मध्ये सुरू झालेला मिरज–कोल्हापूर लोहमार्ग करवीर संस्थानच्या मालकीचा होता. सदर्न मराठा रेल्वे कंपनी त्यावर केवळ गाड्या चालवीत असे.

३/ सारे श्रेय शाहू महाराजांना देणेही इतिहासाला धरून नाही. राज्याधिकार त्यांच्या हाती आले ते १८९४ मध्ये. शिवाय संस्थानचा खजिना भरत होता तो मुख्यतः रयतेच्या शेतसाऱ्याने.

४/ उत्तर इंग्लंडमधील स्टॉक्टन–डार्लिंग्टन रेल्वे (१८२५) क्वेकर व्यापारी-सावकारांच्या भांडवलावर उभी राहिली. तिला कुणी लंडनच्या सरकारची देणगी म्हणत नाही. मग आपल्याच रयतेचा वाटा आपण का पुसावा?

५/ स्थानकाला महाराजांचे नाव आहे, ते उचितच. परंतु रुळांखालची खडी सारा भरणाऱ्या कुणब्याची आहे, हेही लिहिले गेले पाहिजे.