कवीने कॅमेरा हाती घेतला, हा काय गुन्हा झाला?

दिलीप चित्रे यांचे नाव निघाले की आमचे टीकाकार काय सांगतात, हे आता पाठ झाले आहे. १९५४ साली अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांच्याबरोबर काढलेले ‘शब्द’ हे अनियतकालिक, १९६० सालचा ‘कविता’ हा संग्रह, तुकोबांना इंग्रजीत नेणारे ‘सेज तुका’, आणि १९९४ साली साहित्य अकादेमीने केलेला कविता व अनुवाद असा दुहेरी गौरव. एवढे सांगून झाले की टीकाकार लेखणी खाली ठेवतात. मग १९८३ साली याच कवीने ‘गोदाम’ नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला, त्याचे काय? त्याला एक ओळ मिळते, तीही ‘याशिवाय’ या शब्दाने सुरू होणारी! माझे भांडण या ‘याशिवाय’शी आहे.

‘गोदाम’ची कथा भाऊ पाध्ये यांची. ‘वासूनाका’वरून ज्यांना आमच्या सभ्य समाजाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तेच भाऊ. घरातून पळालेली एक तरुण स्त्री आणि आडबाजूचे एक गोदाम, एवढ्यावर चित्रे यांनी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशांतून हा चित्रपट उभा केला. १९८४ साली फ्रान्समधील नांत येथील तीन खंडांच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले. मी वणीचा माणूस. कापसाच्या गंजी, जिनिंगचे आवार आणि कुलूपबंद गोदामे पाहतच आम्ही वाढलो. भाव येईपर्यंत माल दाबून ठेवण्याची ती जागा. तिथे माणूसही कोंडला जातो, हे आम्हाला कोणी फोड करून सांगावयास नको. ज्यांना हा चित्रपट सर्वांत जवळचा वाटावा, त्या आमच्यासारख्या गावांपर्यंत तो कोणी आणला नाही.

यावर आक्षेप येतो की चित्रपट हिंदी आहे, मराठी वाङ्मयाशी त्याचा संबंध काय? बरे तर. मग ‘सेज तुका’ कोणत्या भाषेत आहे? इंग्रजीतला तुकाराम आमचा आणि हिंदीतले भाऊ पाध्ये परके, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? खरी अडचण भाषेची नाहीच. छापील पानाबाहेर कविता असू शकते, हेच आम्हाला मान्य नाही. त्याच १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’मध्ये ओम पुरींच्या तोंडून चित्रे यांची कविता देशभर पोचली. ती ऐकून ज्यांच्या अंगावर काटा आला, त्यांतल्या किती जणांना कवीचे नाव सांगता येईल?

दुसरा आक्षेप असा की एका कथापटावर एवढा गहजब कशाला? त्यांचे माहितीपट व लघुपट क्षणभर बाजूला ठेवू. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर मार्गारेट टेट (१९१८–१९९९) नावाची एक डॉक्टर बाई होऊन गेली. ती रोममध्ये चित्रपटकला शिकली, स्वतःच्या हिमतीवर तिने तीसहून अधिक लघुपट केले, आपले कवितासंग्रह स्वतःच छापले. तिचाही कथापट एकच, १९९२ सालचा. हयातीत तिची फारशी कदर झाली नाही. पण पुढे तिथल्या मंडळींनी चूक सुधारली. २०१० साली तिच्या नावाने चित्रपटकारांसाठी पुरस्कार सुरू झाला, २०१२ साली तिच्या कविता व लेखांचे संपादित पुस्तक निघाले. कविता एका कपाटात आणि फिल्म दुसऱ्या, अशी तिची वाटणी त्यांनी केली नाही.

आम्ही मात्र वाटणीत तरबेज. आमच्या वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे पुढारी म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी लोकमान्यांवर संस्कृतात महाकाव्य लिहिले व त्याला १९७३ साली मरणोत्तर अकादेमी पुरस्कार मिळाला, हे गावातही किती जण सांगतील? एका माणसाला एकच खुर्ची, हा आमचा नियम. दुसरी मागितली की तो उपरा.

२०१९ साली यवतमाळला साहित्य संमेलन भरले. निमंत्रण देऊन ते मागे घेतल्याचा वाद तेवढा लोकांच्या ध्यानात राहिला. संमेलनांच्या मांडवात परिसंवादांना तोटा नसतो. त्यांतला एक कमी करून पडदा लावावा, आधी चित्रे यांची कविता वाचावी आणि मग ‘गोदाम’ दाखवावा. महाविद्यालयांनी भाऊंची कथा व हा चित्रपट शेजारी ठेवून शिकवावेत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि चित्रे २००९ साली पुण्यातच वारले. या दोन गोष्टींचा सांधा जुळवावा, असे एकाही साहित्यसंस्थेला वाटू नये काय?

पुस्तक वाळवीच्या तोंडून कुठेतरी वाचते. फिल्म मात्र न पाहिल्याने मरते. कवीच्या डोळ्यांनी टिपलेले आम्ही पाहिलेच नाही, तर त्याचे शब्द आम्ही वाचले या बढाईला तरी काय अर्थ उरतो?