यंत्राची नजर आणि रुग्णाचा हक्क

जॉन्सन अँड जॉन्सनच्या मालकीच्या डिप्यू या कंपनीने २४ ऑगस्ट २०१० रोजी ‘एएसआर’ नावाचा खुब्याचा कृत्रिम सांधा जगभरच्या बाजारातून परत मागविला. हा सांधा बसविलेल्या सुमारे आठांपैकी एका रुग्णावर पाच वर्षांच्या आतच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत आहे, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय सांधेनोंदणीतील आकडे सांगत होते. भारतात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीपुढे हा प्रश्न आला, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. विकलेल्या मालाचा हिशेब होता; माल ज्याच्या शरीरात गेला त्या माणसाची नोंद नव्हती.

हा अनुभव ध्यानी घेतला म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या चाचण्यांत संगणकीय देखरेखीचा जो पुरस्कार होत आहे, त्याला सरसकट विरोध करता येणार नाही. अंगावरचा संवेदक नाडीचे ठोके, रक्तातील साखर वा हालचाल सतत टिपतो, मोबाईल ती माहिती मध्यवर्ती संगणकाकडे धाडतो आणि तज्ज्ञ दूर बसून ती तपासतात. २०२० च्या महासाथीत रुग्णालयांत जाणे अशक्य झाले, तेव्हा या पद्धतीला वेग आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. महिन्यातून एकदा होणाऱ्या तपासणीत न सापडणारा मध्यरात्रीचा हृदयाचा बिघाड या यंत्राला सापडू शकतो. तपासणीपायी दिवसाची मजुरी बुडविणाऱ्या रुग्णाचे हेलपाटेही वाचतात. हे लाभ खरे आहेत.

परंतु यंत्राला दिसणे आणि माणसाची काळजी घेतली जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲपल कंपनीच्या खर्चाने स्टॅनफर्ड विद्यापीठाने हातातील घड्याळाद्वारे हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा जो अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४,१९,२९७ लोक सहभागी होते. अनियमित नाडीचा इशारा २,१६१ जणांना मिळाला. मात्र पुढील तपासणीची पट्टी वापरून जिची छाननी करता येईल अशी माहिती परत पाठविणारे केवळ ४५० निघाले. म्हणजे इशारा मिळालेल्या पाचांपैकी चौघे जण या टप्प्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. शिवाय प्रवेशाची अट अशी, की सहभागी होणाऱ्याकडे त्याच कंपनीचा फोन व घड्याळ असले पाहिजे. हा विकार मुख्यतः उतारवयातील. पण पासष्टी गाठलेल्यांचे प्रमाण अवघे सहा टक्के होते. ज्याच्याजवळ यंत्र नाही, तो अभ्यासातही नाही.

ज्यांच्यावर चाचणी होत नाही, त्यांच्या बाबतीत यंत्र चुकले तरी ते उशिराच कळते. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची धोकादायक घट गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा दडवून ठेवते, असे अमेरिकेतील अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. तोवर हे यंत्र कित्येक दशके वापरात होते. ज्या देशात बहुसंख्य लोकांची कातडी सावळी वा काळी आहे, त्या देशाने हा धडा विसरता कामा नये.

प्रश्नाची आर्थिक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पूर्वी चाचणीचा प्रायोजक पगारी निरीक्षक रुग्णालयोरुग्णाली पाठवून नोंदी पडताळून घेत असे. दूरस्थ देखरेखीने त्या फेऱ्या कमी होतात व प्रायोजकाचा खर्च वाचतो. पण काम नाहीसे होत नाही. त्यातील बराच भाग रुग्णाच्या माथी येतो. संवेदक लावणे, तो चार्ज करणे, मोबाईल चालू ठेवणे, प्रश्नावल्या भरणे हे सारे श्रमच आहेत आणि त्यांना मोल नाही. या श्रमांतून जमलेली माहिती मात्र उपकरणाला बाजाराचा परवाना मिळवून देते. माहिती निर्माण करणारा एक आणि तिचा धनी दुसरा, असा हा व्यवहार आहे.

कायद्याचे संरक्षण अपुरे आहे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी चाचणीत इजा झालेल्याला उपचार व भरपाई देऊ केली आहे. पण भरपाईसाठी आधी इजेची नोंद व्हावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व स्वीकारले. पण विहित मानके पाळण्याच्या अटीवर संशोधनाला त्यातून सूटही ठेवली.

म्हणून मागणी तंत्र थांबविण्याची नव्हे, तर त्यावर सामाजिक नियंत्रण आणण्याची असली पाहिजे. धोक्याचा इशारा आल्यावर तो कोणी, किती वेळात वाचावयाचा आणि रुग्णापर्यंत कोणी पोहोचावयाचे, हे चाचणीच्या आराखड्यात नावानिशी लिहिलेले असावे. आचारनीती समितीने त्यावाचून मंजुरी देऊ नये. फोन, इंटरनेट व वेळेचा मोबदला प्रायोजकाने द्यावा. स्वतःची माहिती स्वतःच्या भाषेत पाहण्याचा हक्क रुग्णास असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चाचणी संपल्यावर देखरेख संपू नये. शरीरात बसविल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाची सार्वजनिक नोंदणी सक्तीची व्हावी. तिला पैसा कोठून आणावयाचा, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाने २००९ च्या कायद्याने दिले आहे. तेथे सांधेनोंदणीचा खर्च कंपन्यांवरील आकारणीतून वसूल करण्याची तरतूद झाली. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी कार्यक्रम भारतातही ६ जुलै २०१५ पासून आहे. त्याला सक्तीचे, निधीचे व मनुष्यबळाचे पाठबळ हवे.

आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी जवळच्या रुग्णालयात चालू असलेल्या चाचण्यांविषयी हेच प्रश्न विचारावयास हवेत. एएसआरचा दोष यंत्राने नव्हे, तर एका सार्वजनिक नोंदवहीने उघडकीस आणला. तशी नोंदवही भारतात असती, तर ते ३,६०० रुग्ण शोधता आले असते.