क्लॅरिंडेचा निवाडा

सरफोजी राजांचे मार्गदर्शक म्हणून ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ (१७२६–१७९८) या जर्मन मिशनऱ्याचे नाव तंजावरच्या मराठी इतिहासात आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच्या धर्मनिष्ठेचा दाखला म्हणून सांगितला जाणारा एक प्रसंग खरोखरच गौरवास्पद आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

क्लॅरिंडा ही तंजावरची मराठी ब्राह्मण विधवा. लिट्लटन या इंग्रज अधिकाऱ्याने तिला सतीच्या चितेपासून वाचविले, अशी परंपरा आहे. ती त्याच्यासमवेत विवाहावाचून राहू लागली. पुढे तिने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा श्वार्ट्झने तो नाकारला. अधिकारी निवर्तल्यानंतर, १७७८ साली, पाळैयंकोट्टै येथे त्यानेच तो दिला. एका समाजाने तिला अग्नी देऊ केला होता. दुसऱ्याने पाणी नाकारले.

पापाचा त्याग आधी, क्षमा मागाहून, असा या नकाराचा बचाव केला जातो. पण त्याला शास्त्राचा आधार किती? लेवीय व अनुवाद या ग्रंथांतील व्यभिचाराचे कलम परक्याच्या पत्नीपुरते आहे, आणि ते देहदंड दोघांनाही सांगते. क्लॅरिंडा त्या वेळी कोणाचीच पत्नी नव्हती, आणि बाप्तिस्म्याच्या दाराशी अडविली गेली ती एकटीच. पौलाने विवाहबाह्य संबंध निषिद्ध मानला, हे खरे. परंतु करिंथच्या मंडळीतील प्रकरणात त्याने बहिष्कार सांगितला तो पुरुषावर.

योहानाच्या शुभवर्तमानातही आरोपकर्ते एकट्या स्त्रीलाच पकडून आणतात. तेथे येशू आधी तिला दोषी ठरविण्याचे नाकारतो आणि मग पुन्हा पाप न करण्यास सांगतो. श्वार्ट्झने नेमका हा क्रम उलटविला. हा प्रसंग सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाही, असा आक्षेप येईल. स्त्रिया मोकाट सुटतील या भयाने काहींनी तो गाळला असावा, असा तर्क ऑगस्टीनने फार पूर्वीच केला होता. तो प्रसंग बाजूस ठेवला, तरी व्यभिचारिणी पत्नीला परत स्वीकारणारा होशेय उरतोच. दावीद राजाला मात्र पापाची क्षमा मिळूनही पुत्राचा मृत्यू टळला नाही. तात्पर्य, बायबल या विषयी एका स्वरात बोलत नाही. ज्याने कठोर स्वर निवडला, त्याने ती निवड आपली म्हणून पत्करावी. शास्त्राच्या माथी मारू नये.

शिवाय, १७७८ साली नेमके काय पालटले होते? तिची श्रद्धा तर पूर्वीपासूनच होती. पालटले एवढेच की तिच्या सोबत्याला मृत्यू आला होता. मृत्यूने तोडलेल्या संबंधाला पश्चात्ताप म्हणायचे असेल, तर त्यात पश्चात्ताप करणाऱ्याचे कर्तृत्व ते काय?

पाळैयंकोट्टैचे चर्च क्लॅरिंडेनेच उभारले आणि १७८५ साली श्वार्ट्झनेच त्याचे समर्पण केले. ज्या मंडळीने तिला दाराबाहेर थांबविले, तिला घर मिळाले ते तिच्याच हातून.