सरगुंडे आणि डब्यातील मासळी

वऱ्हाडात आहारातील मासळीचा विषय निघाला की, समुद्र फार दूर आहे, हे उत्तर ठरलेले असते. ते अर्धेच खरे होय. सुकट व बोंबील अकोल्याच्या बाजाराला नवे नाहीत. काटेपूर्णेच्या जलाशयात रोहू, कटलाही मिळतात. आता तारली व कुपा हे मासे डब्यात बंद होऊन शहरांतील मोठ्या दुकानांत येऊ लागले आहेत. प्रश्न आहे तो ही मासळी घरातील कोणाच्या ताटात पोहोचते, हा.

तळलेली तुकडी मोजून वाढली जाते आणि मोजदाद बहुधा पुरुषांपाशी व मुलांपाशी संपते. शेवटी जेवणाऱ्या गृहिणीस रस्सा उरतो. लोह, प्रथिने व चुना यांची निकड तर तिलाच अधिक, विशेषतः गर्भारपणी. मासळी कुस्करून एखाद्या पिठाच्या पदार्थात मिसळली तर तिची वाटणी टाळता येत नाही. पातेल्याच्या तळाशीही ती असतेच. इटलीच्या दक्षिण भागात तारली व पास्ता एकत्र शिजविण्याची रीत जुनी आहे. ती वऱ्हाडी चुलीवर यावी, असे म्हणण्याचे खरे कारण हेच.

त्यासाठी जठारपेठेतील दुकानातून मॅकरोनीचे पाकीट आणलेच पाहिजे असे नाही. काडीवर वळून उन्हात वाळविलेले सरगुंडे ही वऱ्हाडची स्वतःची मॅकरोनी होय. आमरसाखेरीज त्यांचा दुसरा उपयोग सुचू नये, ही आपल्या कल्पकतेची उणीव म्हणावी लागेल. सरगुंडे बन्सी गव्हाच्या रव्याचे असावेत. हा गहू ड्युरम जातीचा, कठीण दाण्याचा; त्याचा पदार्थ उकळत्या पाण्यात लगदा होत नाही. इटलीने १९६७ च्या कायद्याने सुक्या पास्त्यासाठी याच जातीचा आग्रह धरला. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाचे ‘शरद’ हे वाणही बन्सीच आहे व ते कोरडवाहू जमिनीसाठी आहे.

कृती अवघड नाही. सरगुंडे बिनमिठाच्या पाण्यात उकडून निथळावेत, कारण डब्यातील मासळीत मीठ असतेच. मासळी तेलातील असल्यास ते तेल फेकू नये. त्यातच कांदा, लसूण, टमाटर व तिखट परतावे. खाऱ्या पाण्यातील असल्यास पाणी मात्र टाकावे. मासळी डब्यातच शिजलेली असते, म्हणून ती शेवटी घालून केवळ गरम करावी. वरून सांबार पेरावा. तारलीचे काटे डब्यातील उष्णतेने मऊ झालेले असतात. ते काढून टाकणे म्हणजे चुना उकिरड्यावर टाकणे होय.

डबा महाग पडतो, ही तक्रार रास्त आहे. तेथे सुकट कोमट पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन वापरावी, किंवा जलाशयातील लहान मासे चिंचेच्या कोळात प्रेशर कुकरमध्ये काटे नरम होईतो शिजवावेत. मात्र हे मासे बरणीत बंद करून साठविण्याचा प्रयोग कोणीही करू नये. साध्या उकळीने न मरणारे जंतुबीज हवाबंद बरणीत वाढून प्राणघातक विष निर्माण करतात. ते विष वासावरून ओळखू येईलच असे नाही. फुगलेला, गळका वा शिवणीवर चेपलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. उघडलेल्या डब्यातील उरलेली मासळी काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून शीतकपाटात ठेवावी; शीतकपाट नसेल तर त्याच जेवणात संपवावी. अकोल्याच्या वैशाखात रात्रीचे उरलेले सकाळी खाणे धोक्याचे आहे.

ग्रामकार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक सरगुंडे वळण्याच्या दिवसांतच ठेवावे, तेव्हा भगिनी आपोआप एकत्र आलेल्या असतात. ज्या घरी माळकरी मंडळी आहेत तेथे डबा काढूही नये. भिजवून शिजविलेला हरभरा त्याच फोडणीत घालून दाखवावा. आणि पहिले ताट, शक्य तर, वाढणारीलाच द्यावे.