काळ्या कांडीचा हिशोब

परवा आमच्या सदाशिव पेठेतल्या घराचा माळा उतरवला. वाडा बिल्डरकडे गेला आहे आणि महिन्याभरात जागा मोकळी करून द्यायची आहे. रद्दीवाल्याने दिवाळी अंक, पितळी डबे, गंजलेला स्टोव्ह, सगळं तोलून नेलं. एक पत्र्याचा डबा मात्र त्याने परत खाली ठेवला. त्यात टॉर्चचे संपलेले जुने सेल होते. "काका, हे आम्ही घेत नाही. पुढे कुणी घेत नाही," एवढं बोलून तो जिना उतरला.

"आजोबा, हे तुम्ही ठेवले तरी कशाला?" नातवाने विचारलं. मग त्याला सांगितलं, की आमच्या लहानपणी संपलेला सेल दगडाने फोडून आम्ही आतली काळी कांडी काढायचो आणि चुन्याच्या भिंतीवर तिने क्रिकेटचे स्टंप काढायचो. ती कांडी कार्बनची, शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या नात्यातली. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, हेही त्याला त्याच दिवशी कळलं.

हेच ग्राफाइट फार मोठ्या कामालाही लागलं. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठात एन्रिको फर्मी यांनी जगातली पहिली अणुभट्टी चालवली, ती ग्राफाइटच्या विटा एकावर एक रचून. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन भन्नाट वेगाने बाहेर पडतात. त्यांचा वेग कमी केला, तर पुढचा अणू फुटणं सोपं जातं. ग्राफाइट हा वेग आवरण्याचं काम करतं. ब्रिटन आणि रशियाने पुढे याच पद्धतीवर मोठमोठी वीजकेंद्रं उभारली. त्यातली बरीचशी आता बंद झाली आहेत आणि जगात असं वापरून झालेलं ग्राफाइट सुमारे अडीच लाख टन आहे.

आपण या बाबतीत थोडे सुदैवी. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्यावरच्या, नंतरच्या बहुतेक जड पाण्यावरच्या. पण हात झटकता येत नाहीत. तुर्भ्याला १९६० मध्ये सुरू झालेल्या 'सायरस' भट्टीत न्यूट्रॉनचा वेग जड पाणी आवरत होतं, तरी बाहेर निसटणारे न्यूट्रॉन परत आत वळवायला भोवती ग्राफाइटचाच थर होता. ३१ डिसेंबर २०१० रोजी 'सायरस' कायमची बंद झाली. म्हणजे हा प्रश्न थोडासा का होईना, मुंबईच्या वेशीच्या आतला आहे.

आता कुणी म्हणेल, कोळशाच्याच जातीची वस्तू ती, तिचं एवढं काय? अडचण अशी, की वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा खाल्लेल्या ग्राफाइटमध्ये कार्बन-१४ तयार होतो. तो निम्मा व्हायला ५,७३० वर्षं लागतात. पुणेकरांना हे नाव नवं नाही. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं, तेव्हा तिथल्या वसाहतीचा काळ ठरवायला हाच कार्बन-१४ उपयोगी पडला. निसर्गात तो सगळीकडे असतो, अगदी आपल्या शरीरातही. पण फार विरळ. इनामगावची पहिली घरं सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्या दिवशी कुणी असं ग्राफाइट पुरून ठेवलं असतं, तर त्यातला कार्बन-१४ अजून अर्धाही संपला नसता.

म्हणून फेरवापराचे प्रयत्न चालू आहेत आणि ते व्हायलाच हवेत. एक वाट अशी, की ग्राफाइट तापवून त्यातला कार्बन-१४ जमेल तेवढा बाहेर काढायचा. दुसरी, जुन्याची पूड करून नव्या भट्टीसाठी पुन्हा विटा पाडायच्या. तिसरी ऐकायला फारच मोहक आहे: काढलेल्या कार्बन-१४ पासून कृत्रिम हिरा बनवायचा आणि त्याची बॅटरी करायची. अशी पहिली बॅटरी तयार झाल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं. ती हजारो वर्षं चालेल, पण तिची वीज इतकी थोडी, की हृदयाच्या पेसमेकरसारख्या चिमुकल्या उपकरणालाच पुरावी. लाखो टनांचा डोंगर हिऱ्यांनी हलणार नाही.

शिवाय असला माल चुकून साध्या भंगारात गेला तर? २०१० साली दिल्लीत एका विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं उपकरण मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. ते फोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. त्या गरिबाला 'पुढे कुणी घेत नाही' असं सांगणारं कुणी भेटलं नाही.

मी बँकेत होतो. नव्या शाखेचा चार्ज घेताना पहिली भीती असायची ती आधीच्या साहेबांनी कपाटात मागे सारून ठेवलेल्या फायलींची. कर्ज बुडीत निघण्याची शक्यता दिसली, की त्यासाठी नफ्यातून तरतूद करायची, हा आमचा नियम. अणुविजेच्या दरातही केंद्र पुढे मोडीत काढण्यासाठी युनिटमागे दोन पैसे धरले जातात. तत्त्व उत्तम. पण ते दोन पैसे पुरणार आहेत का, हा हिशोब सामान्य ग्राहकाला समजेल अशा भाषेत दरवर्षी छापून यायला हवा. 'सायरस'ने तर वीज विकलीच नाही. तिचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातूनच होणार.

मी अणुविजेच्या विरोधात नाही. माझा विरोध आहे तो विसरण्याला. आमच्या पेठांचा कचरा कित्येक वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला. दारातली बादली रिकामी झाली की आमच्या लेखी विषय संपत असे. तिथले लोक रस्त्यावर उतरले तेव्हा आम्हाला कळलं, की तो दुसऱ्याच्या विहिरीपाशी सुरू झाला होता. कार्बन-१४ च्या बाबतीत तर रस्त्यावर उतरायला ती माणसं अजून जन्मालाही आलेली नाहीत. त्यांच्या वतीने वहीत नोंद आपणच करायची आहे.

भाड्याच्या घरी न्यायच्या सामानाची यादी मी केली आहे. नातवाने तिच्यात शेवटी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'जुने सेल, एक डबा.' ते कुठे द्यायचे, याची चौकशी आम्ही दोघं मिळून करणार आहोत.